मुक्त माणसाची विद्या आणि गुलामीचे गोडवे

अमेरिकेतही एक मॉस्को आहे. वायव्येकडील आयडाहो राज्यातले, पंचवीसेक हजार वस्तीचे हे गाव. आजूबाजूला गहू आणि मसुराची शेती, गावात राज्याचे विद्यापीठ. या गावात १९८१ साली काही ख्रिस्ती पालकांनी मिळून एक शाळा काढली. तिचे नाव ठेवले 'लोगोस'. लोगोस हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ शब्द आणि विवेक असा दोन्ही होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत तो येतो.

सातासमुद्रापलीकडच्या या शाळेशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे, आणि जवळचा आहे. ही शाळा म्हणजे आज अमेरिकेत पसरलेल्या एका मोठ्या शैक्षणिक चळवळीचे उगमस्थान आहे. ती चळवळ स्वतःला 'क्लासिकल ख्रिश्चन' म्हणवते. ग्रीक-लॅटिन वाङ्मय, तर्कशास्त्र, वक्तृत्व आणि बायबल यांच्या पायावर मुलांना घडवायचे, असे तिचे म्हणणे. जुनी विद्या कोणाच्या मालकीची, हा प्रश्न या शाळेच्या इतिहासात दडलेला आहे. आणि हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार?

आधी शाळेची हकीकत पाहू. शाळा काढण्यात पुढाकार होता डग्लस विल्सन यांचा. हे गृहस्थ अमेरिकन नौदलात नोकरी करून आलेले, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले आणि पुढे गावातल्या चर्चचे पाळक झालेले. मुलगी शाळेत जायच्या वयाला येत होती. सरकारी शाळेत तिला घालायचे नव्हते. मग मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःचीच शाळा काढली. पैसा बेताचा, जागा साधी. पण काय शिकवायचे आणि कसे शिकवायचे, याचा आराखडा मात्र पक्का होता.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतली अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन बंद झाले. या दोन्ही गोष्टींमुळे दुखावलेल्या गोऱ्या समाजाने खासगी शाळांची वाट धरली. दक्षिणेत तर काळ्या मुलांशेजारी आपली मुले बसू नयेत, एवढ्याच हेतूने शेकडो खासगी शाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येकांनी स्वतःला ख्रिस्ती शाळा म्हणवून घेतले. लोगोस ही त्या प्रकारची शाळा नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दक्षिणेतील भेदाच्या लढाईतून ती जन्मली नाही. तिची प्रेरणा होती एक भाषण.

हे भाषण १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये झाले. वक्त्या होत्या डोरोथी सेयर्स. रहस्यकथा लिहिणाऱ्या आणि दान्तेचा अनुवाद करणाऱ्या या विदुषींनी 'शिकण्याची हरवलेली साधने' असा विषय मांडला. मुलांना आपण ढीगभर विषय शिकवतो, पण विचार करायला शिकवत नाही, ही त्यांची तक्रार. त्यावर त्यांनी युरोपातील मध्ययुगीन अभ्यासक्रमाचा पहिला भाग पुढे केला. त्याला 'ट्रिव्हियम' म्हणतात. त्यात तीन विद्या येतात : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जुळतात, असे सेयर्सबाईंचे म्हणणे. लहान मूल पोपटासारखे पाठ करते, तेव्हा त्याच्याकडून भाषा, पाढे, इतिहासाच्या सनावळ्या पाठ करून घ्याव्यात. बारा-तेराव्या वर्षी ते उलट उत्तरे देऊ लागते, तेव्हा त्याला वाद घालण्याचे शास्त्र शिकवावे. पुढे त्याला स्वतःचे काही म्हणायचे असते, तेव्हा ते नीट मांडण्याची कला शिकवावी. आपली ही सूचना कोणी अंमलात आणील, अशी खुद्द बाईंनाही आशा नव्हती.

या सेयर्सबाई कोण होत्या, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी १९१५ साली ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम प्रथम वर्गात पुरा केला. पण पदवी मिळाली १९२० साली. कारण? त्या स्त्री होत्या, आणि तोवर ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नव्हते. शिकायचे सगळे, उत्तीर्ण व्हायचे, आणि पदवी मात्र नाही! शास्त्रांच्या दारावर बसलेले पहारेकरी फक्त आपल्याच देशात होते असे समजण्याचे कारण नाही.

अशा बाईंचा आराखडा आयडाहोच्या एका गावात पस्तीस वर्षांनी उभा राहिला. प्राथमिक वर्गांत लॅटिन, मधल्या वर्गांत तर्कशास्त्र, वरच्या वर्गांत वक्तृत्व. होमर, व्हर्जिल, ऑगस्टिन, दान्ते, शेक्सपिअर यांचे ग्रंथ. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहायचा आणि शिक्षकांसमोर उभे राहून त्याचे समर्थन करायचे, ही अशा शाळांतली रीत. या सगळ्यावर छत्र बायबलचे. प्रत्येक विषय ख्रिस्ती दृष्टीतूनच शिकवायचा, हा दंडक.

शाळा चालली. १९९१ साली विल्सन यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले. सेयर्सबाईंच्या भाषणाचेच नाव त्यांनी त्यासाठी घेतले. ते वाचून गावोगावच्या पालकांनी विचारणा सुरू केली. १९९० च्या दशकातच अशा शाळांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९४ साली मॉस्कोतच न्यू सेंट अँड्र्यूज नावाचे महाविद्यालय निघाले. चर्चच्या वर्तुळातून प्रकाशनसंस्था निघाली. पाठ्यपुस्तके निघाली. घरी मुलांना शिकवणारी कुटुंबे ती विकत घेऊ लागली. आज त्या संघटनेच्या सदस्य शाळांची संख्या पाचशेच्या घरात आहे. संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड गुडविन आणि पीट हेगसेथ यांनी मिळून २०२२ साली अमेरिकन शिक्षणावर पुस्तक लिहिले, ते खूप खपले. हेच हेगसेथ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. विल्सन यांनी उभारलेल्या चर्चसंघटनेशी त्यांचे नाते जाहीर आहे. त्याच वर्षी आयडाहो राज्याने खासगी शिक्षणाच्या खर्चापोटी पालकांना मुलामागे पाच हजार डॉलरपर्यंत करसवलत देणारा कायदा केला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका गावातली शाळा कुठपर्यंत पोहोचली, ते पाहा.

यातून पहिला धडा घ्यायचा तो उभारणीचा. हे लोक मोर्चे काढून थांबले नाहीत. त्यांनी शाळा काढली, शाळेसाठी पुस्तके लिहिली, पुस्तकांसाठी प्रकाशन काढले, शिक्षक तयार करण्यासाठी महाविद्यालय काढले आणि सगळ्यांना बांधणारी संघटना उभी केली. आपल्याकडे बाबासाहेबांनी नेमके हेच केले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. विरोधकाचा विचार पटत नसला, तरी त्याची चिकाटी मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

पण आता दुसरी बाजू.

१९९६ साली विल्सन आणि स्टीव्ह विल्किन्स या दोन पाळकांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. ती मॉस्कोतूनच प्रसिद्ध झाली. विषय होता अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरी. पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे : गुलामगिरीचे चित्र उगाच काळेकुट्ट रंगवले गेले. गुलामांना अन्न, वस्त्र, औषधपाणी नीट मिळत होते. मालक आणि गुलाम यांच्यात जिव्हाळा होता. बायबल गुलाम बाळगणे हे पाप ठरवत नाही. ज्यांच्या शाळेत मुलांना तर्कशास्त्र शिकवले जाते, त्यांच्या हातून हे लिहिले गेले!

आता तर्कशास्त्रानेच ही पुस्तिका तपासू. तिचा एक आधार होता वृद्ध माजी गुलामांच्या मुलाखती. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून दोन हजारांवर माजी गुलामांच्या आठवणी टिपून घेण्यात आल्या. त्यांतल्या कित्येकांनी आपला मालक चांगला होता, असे सांगितले. पण त्या मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते. काळ होता मंदीचा. स्थळ होते दक्षिण, जिथे काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारण्याच्या घटना घडत होत्या. ऐंशी-नव्वदीचा उपाशी म्हातारा, दारात उभा असलेल्या गोऱ्या माणसाला काय सांगेल? आपल्याकडेही जुना गावगाडा कसा गुण्यागोविंदाने चालत होता, याच्या गोष्टी हौसेने सांगितल्या जातात. त्या गोष्टी सांगणारा वाड्यात बसलेला असतो. महारवाड्यातला म्हातारा वाड्याच्या पायरीशी उभा राहून मान हलवत असतो. त्या मान हलवण्याला पुरावा म्हणायचे काय?

या पुस्तिकेवर २००३-०४ मध्ये मॉस्को गावातच वादळ उठले. तिथल्या विद्यापीठातील शॉन क्विनलन आणि विल्यम रॅम्सी या इतिहासाच्या प्राध्यापकांनी तिचे खंडन लिहिले. पुढे असेही उघड झाले, की पुस्तिकेतले बरेच उतारे १९७४ सालच्या एका अर्थशास्त्रीय ग्रंथातून श्रेय न देता उचललेले होते. पुस्तिका मागे घ्यावी लागली. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलिनातील अशाच पद्धतीच्या एका शाळेत ही पुस्तिका मुलांना वाचायला दिली जात असल्याचे बाहेर आले आणि तिथेही ती काढून टाकण्यात आली. विल्सन यांनी २००५ साली त्याच विषयावर नवे पुस्तक काढले. आपण वंशद्वेषी नाही, गुलामगिरी संपली हे चांगलेच झाले, पण ती युद्धाने संपायला नको होती, असे ते सांगत आले आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही इथे नोंदवतो. पण युद्धाने नाही तर कशाने, आणि आणखी किती पिढ्यांनी, याचे उत्तर ज्यांची मुले बाजारात विकली जात होती त्यांनी द्यायचे असते. पाळकांनी नव्हे.

या शाळांतून सांगितले जाते की आपण 'लिबरल आर्ट्स' शिकवतो. 'लिबरल' हा शब्द लॅटिनमधल्या 'लिबेर' पासून आला. त्याचा अर्थ मुक्त, म्हणजे जो गुलाम नाही तो. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या मुक्त माणसाच्या विद्या. हाताने राबण्याची कामे गुलामांची. म्हणजे विद्येच्या नावातच वर्णव्यवस्था आहे! ग्रीसमध्ये श्रीमंताच्या मुलाला शाळेत पोहोचवणारा, त्याची पाटी उचलणारा जो नोकर असे, त्याला 'पायदागोगोस' म्हणत. तो गुलाम असे. आज शिक्षणशास्त्राला इंग्रजीत जे नाव आहे, ते या गुलामाच्या नावावरून पडले. शाळेच्या दारापर्यंत जायचे, पण आत बसून शिकायचे नाही. हा अनुभव आपल्या किती पिढ्यांनी घेतला, हे वेगळे सांगायला हवे काय?

मग या विद्येवर बहिष्कार टाकायचा काय? जी मालकांची विद्या, ती आम्हाला नको, असे म्हणायचे काय? इथे अमेरिकेतील काळ्या माणसांनी जे केले, ते आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखे आहे.

दक्षिण कॅरोलिनाने १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. १८३१ साली व्हर्जिनियाने काळ्या माणसांना शिकवण्यासाठी भरणाऱ्या सभांवर बंदी घातली. मालकांना भीती वाटत होती ती अक्षरांची. आणि ती खोटी नव्हती. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा बारा वर्षांचा असताना बाल्टिमोरमध्ये त्याने पन्नास सेंट जमवून एक पुस्तक विकत घेतले. त्याचे नाव 'द कोलंबियन ऑरेटर'. हे वक्तृत्व शिकवणारे शालेय पुस्तक. म्हणजे ट्रिव्हियममधली तिसरी विद्या! त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता. त्यात गुलाम युक्तिवादाने मालकाला निरुत्तर करतो आणि मालक त्याला मुक्त करतो. डग्लसने तो पुन्हा पुन्हा वाचला. पुढे तो पळाला आणि गुलामगिरीविरुद्धचा अमेरिकेतला सर्वांत मोठा वक्ता झाला.

जॉन कॅलहून हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक. ग्रीक वाक्यरचना जाणणारा एखादा काळा माणूस सापडला, तर काळा माणूस हाही माणूस आहे असे मी मानीन, अशा आशयाचे त्याचे बोलणे अलेक्झांडर क्रमेल या काळ्या धर्मोपदेशकाने आपल्या तरुणपणी ऐकले होते. क्रमेल मग इंग्लंडला गेला, केंब्रिजमध्ये ग्रीक शिकला आणि १८५३ साली त्याने पदवी मिळवली. त्याच्या मागून विल्यम सँडर्स स्कारबरो आला. हा १८५२ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेला. लहानपणी चोरून लिहायला-वाचायला शिकलेला. १८८१ साली त्याने ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक लिहून प्रसिद्ध केले. वाचकांनी सनावळीकडे लक्ष द्यावे. १८८१. मॉस्कोची लोगोस शाळा निघाली १९८१ साली. गोऱ्या पालकांना ग्रीक-लॅटिनची 'हरवलेली साधने' सापडण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, गुलामीत जन्मलेला एक माणूस ग्रीक शिकवण्याचे पुस्तक लिहून बसला होता. साधने हरवली होती ती कोणाची?

अ‍ॅना ज्युलिया कूपर यांची कथा तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. १८५८ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनात गुलामगिरीत जन्म. पुढे काळ्यांसाठी निघालेल्या शाळेत गेल्या, तर तिथे ग्रीकचा वर्ग फक्त मुलांसाठी! त्या भांडल्या आणि त्या वर्गात बसल्या. १८८४ साली ओबर्लिन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. वॉशिंग्टनमध्ये काळ्या मुलांसाठी असलेल्या एम स्ट्रीट हायस्कूलमध्ये त्यांनी लॅटिन शिकवले आणि १९०२ साली त्या तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांची मुले हार्वर्ड, ब्राउनसारख्या विद्यापीठांत जाऊ लागली. काळ्या मुलांना हातकाम शिकवा, लॅटिन कशाला, असे म्हणणाऱ्यांशी त्यांचा झगडा झाला आणि १९०६ साली त्यांना पद सोडावे लागले. त्या खचल्या नाहीत. १९२५ साली, वयाच्या पासष्टीनंतर, पॅरिसच्या विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९६४ साली, एकशे पाच वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

हाच वाद बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्यात झाला. वॉशिंग्टन म्हणत, आधी सुतारकाम, वीटकाम, शेती शिका. पोट भरा. बाकीचे नंतर. ड्युबॉइस म्हणत, पोटाची विद्या हवीच, पण समाजाला विचार देणारी माणसे तिच्यातून तयार होणार नाहीत. ड्युबॉइस स्वतः विल्बरफोर्स विद्यापीठात लॅटिन आणि ग्रीक शिकवत होते. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी जगातल्या थोर लेखकांच्या पंगतीला बसण्याचा काळ्या माणसाचा हक्क ठणकावून सांगितला. याच ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती, आणि ड्युबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले होते.

हा धागा त्याहून जुना आहे. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. ख्रिस्ती शाळेतून मुक्तीचा विचार घेऊन निघालेला हा माणूस, आणि ख्रिस्ती शाळा चालवून गुलामीचे गोडवे गाणारे ते पाळक. बायबल तेच. वाचणारे डोळे वेगळे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तेव्हा 'नको तुमचे संस्कृत' म्हणून ते थांबले काय? पुढे ते स्वतः संस्कृत शिकले. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहून त्यांनी शास्त्रकारांना त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे जाब विचारला. पाली भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांनी तयार केले. दारावरच्या कुलपाची किल्ली त्यांनी स्वतःच घडवली.

आज आपल्या वस्त्यांत पालक म्हणतात, मुलाला संगणक शिकवा, नोकरी लागेल असे काहीतरी शिकवा. पाली, इतिहास, तर्कशास्त्र घेऊन काय करायचे? त्यांची गरज खरी आहे. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांना आम्ही उपदेश करणार नाही. पण वॉशिंग्टन आणि ड्युबॉइस यांचा वाद आठवावा. नोकरीची विद्या देऊन व्यवस्था आपल्याला कामाला लावते. भाषेची, तर्काची, वादाची विद्या मात्र ती आपल्या मुलांसाठी राखून ठेवते. आयडाहोतल्या पालकांना हे कळले होते. उद्याचे राज्यकर्ते वादविवादाच्या वर्गात घडतात, हे त्यांनी ओळखले.

२०२१ साली वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाने आपला ग्रीक-लॅटिनचा विभाग बंद करण्याचे ठरवले. काळ्यांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतला तो असा एकमेव विभाग होता. कॉर्नेल वेस्ट यांच्यासारख्या काळ्या विचारवंताने त्याविरुद्ध जाहीर लेखणी उचलली. त्या विभागात शिकवणाऱ्या अनिका प्रेथर या काळ्या विदुषींनी मेरीलँडमध्ये स्वतःची अशीच ख्रिस्ती आणि अभिजात शिक्षण देणारी शाळा काढलेली आहे. २०२२ साली एंजेल पारम यांच्यासह त्यांनी या परंपरेवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मांडणीत होमर-व्हर्जिलबरोबर फ्रेडरिक डग्लस, कूपर आणि ड्युबॉइसही आहेत. म्हणजे त्याच नावाची शाळा, त्याच तीन विद्या, पण गुलामीचे गोडवे गायला तिथे जागा नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मॉस्कोच्या शाळेतली तीन साधने चुकीची नाहीत. मुलाने पाठ करावे, वाद घालावा, उभे राहून बोलावे. यात वाईट काय आहे? वाईट आहे ते हे, की ज्या हातांत ती साधने गेली, त्यांनी ती मालकाच्या वकिलीसाठी वापरली. साधने वाईट हातांत गेली म्हणून टाकून द्यायची नसतात. ती परत घ्यायची असतात.

आपल्या प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर एक तास वादविवादाचा वर्ग का सुरू होऊ नये? पंधरा वर्षांच्या मुलीने उभे राहून एक विषय मांडावा, बाकीच्यांनी तिला प्रश्न विचारावेत, तिने उत्तरे द्यावीत. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. पन्नास सेंटच्या एका पुस्तकाने एका गुलामाला वक्ता केले. आपल्या विहारांतल्या कपाटांत बाबासाहेबांचे खंड आहेत. ते कपाट उघडायचे तेवढे बाकी आहे.